१८० नंबर आणि चार माणसं

*ताई, नमस्कार. मी बेळगावचा, वडगावात राहतो. वय ३१. पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होतो. कोरोनाच्या काळात घरी आलो आणि इथेच राहिलो. कंपनी पुण्याची, काम घरून. माझ्यासारखे इथं पुष्कळ आहेत, पण कुणी कुणाला ओळखत नाही. म्हणून दीड वर्षापूर्वी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. आज त्यात १८० जण आहेत. पहिल्या भेटीला ३४ आले, दुसरीला ११, तिसरीला माझ्यासकट चार. पहिल्या दोन्ही वेळा मोठ्या पदावरच्या माणसाचं व्याख्यान ठेवलं होतं, हॉलचं भाडं मी भरलं. ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंग, दिवसभर नोकऱ्यांचे फॉरवर्ड. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, भाषेवरून असं पेटलं की वीसेक जण बाहेर पडले. आता काय करू? संस्था म्हणून नोंदणी करू? स्पॉन्सर शोधू? कारभार इंग्रजीत ठेवू की मराठीत? की सगळं बंदच करू? मला अरे-तुरेच करा.*
*– वडगावचा एक वाचक*

अरे-तुरे कर म्हणालास, तर तसंच लिहिते.

बंद करू नकोस. पण ग्रुपवर १८० जण आहेत हे धरूनही बसू नकोस. ते फक्त नंबर आहेत. तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तिसऱ्या भेटीला आलेली चार माणसं. व्याख्यान नाही, फोटो नाही, तरी ती आली. त्यांची नावं कागदावर लिही. समोर एवढंच लिही, की हा माणूस सध्या कशावर काम करतो आणि कशात अडकलाय. लिहिता आलं नाही, तर तुझी अडचण नेमकी तिथे आहे.

व्याख्यानाला माणूस येतो, पुढे बघत बसतो, टाळ्या वाजवतो, घरी जातो. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं हे त्याला कळत नाही. ३४ जण आले त्या दिवशी ३४ अनोळखी माणसं एका हॉलमध्ये बसली आणि अनोळखीच परतली. दुसऱ्यांदा त्यांनी का यावं? व्याख्यानं तर घरबसल्या मोबाइलवर मिळतात.

माझाच अनुभव सांगते. १९९९ साली मी उद्यमबागेत, आपल्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये होते. आम्ही कंट्रोल पॅनेल करायचो. पाइप ठरावीक लांबीचे कापणाऱ्या एका मशीनचं काम माझ्याकडे होतं. मोटरचा वेग सांभाळायला ड्राइव्ह, पाइप किती पुढे सरकला ते मोजायला एन्कोडर, आणि त्याचे पल्स मोजणारा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. हाताने हळूहळू फिरवलं की मोजमाप बरोबर. ड्राइव्ह चालू केला की आकडा उड्या मारायचा, आणि पाइप कधी तीन मिलिमीटर लांब, कधी चार मिलिमीटर आखूड. मी तीन दिवस प्रोग्राम तपासत होते. एन्कोडर बदलला, पीएलसीचं कार्ड बदललं. गिऱ्हाईक रोज फोन करायचं, मालक माझ्याशी बोलेनासे झाले होते.

चौथ्या दिवशी चहाच्या गाड्यावर शेजारच्या वर्कशॉपमधले एक गृहस्थ भेटले. ते हायड्रॉलिक प्रेस करायचे. तोंडओळख होती, तेवढीच. म्हणाले, “काय वो मॅडम, तोंड उतरलंय तुमचं. काय झालंय?” मी सांगितलं. त्यांनी प्रोग्रामबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते इतकंच, “एन्कोडरची वायर मोटरच्या वायरीला चिकटूनच नेलायसा काय?”

नेली होती. एकाच ट्रेमधून, हातभर नव्हे, पंधरा फूट. ड्राइव्ह चालू झाला की मोटरच्या वायरीतली गडबड एन्कोडरच्या वायरीत शिरायची आणि पीएलसी तीही पल्स म्हणून मोजायचा. वर एन्कोडरच्या केबलवरची जाळी कुठेच अर्थिंगला जोडलेली नव्हती, दोन्ही टोकांना कापून टेप गुंडाळला होता. कपातला चहा संपवून ते माझ्याबरोबर आले. आम्ही एन्कोडरची केबल ट्रेमधून उपसली आणि वीतभर अंतर सोडून वेगळी नेली. मोटरची वायर ओलांडायची होती तिथे काटकोनात ओलांडली, आणि जाळी पॅनेलच्या टोकाला अर्थिंगला घट्ट बांधली. संध्याकाळी मशीन चालू केलं तेव्हा आकडा जागच्या जागी थांबत होता. सलग वीस पाइप कापले, वीसही बरोबर.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांचं एक काम अडलं. प्रेस चालवणाऱ्याचे दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, आणि एक बटण कुणी दोरीने बांधून ठेवलं तरी फसू नये, असा प्रोग्राम त्यांना हवा होता. तो मी लिहून दिला. मग शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण त्याच गाड्यावर थांबू लागलो. त्याला कुणी नाव दिलं नाही, कुणी अध्यक्ष झालं नाही. पण कुणाकडे कुठलं मापाचं यंत्र आहे, कुणाला जुनी जर्मन मॅन्युअलं वाचता येतात, कुणाचा मेव्हणा फौंड्रीत आहे, हे सगळं प्रत्येकाला पाठ झालं. दोन वर्षांनी आमचं वर्कशॉप बंद पडलं. तेव्हा पुण्यातल्या जागेची बातमी मला दिली ती माझ्या मैत्रिणींनी नाही, नातेवाइकांनीही नाही. त्या गाड्यावर महिन्यातून एकदा येणाऱ्या एका गृहस्थांनी दिली. “पीएलसी येणारं आणि सी लँग्वेजही लिहिणारं माणूस पाहिजे म्हणत्यात,” एवढं ते बोलले. त्या एका वाक्यावर माझी पुढची बावीस वर्षं गेली.

हे माझ्या एकटीच्या नशिबाचं नव्हतं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हेच दाखवून दिलं. ओळखीतून ज्यांना नोकरी लागली त्यांना त्यांनी विचारलं, की ज्यानं बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? बहुतेकांचं उत्तर, अधूनमधून किंवा क्वचितच. कारण सरळ आहे. रोजच्या दोस्तांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवीन बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडून. तुझ्या ग्रुपमध्ये सगळेच घरून काम करणारे सॉफ्टवेअरवाले असतील, तर १८० जणांकडे मिळून एकच बातमी असेल.

म्हणून तुला करायचं आहे ते एवढंच, की वेगवेगळी कामं करणाऱ्या माणसांना एकमेकांच्या अडचणी कळतील अशी बैठक नियमाने भरवायची. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

पुढच्या बैठकीला बाराच जणांना बोलाव, ग्रुपवर जाहीर न करता, एकेकाला फोन करून. “येशील का?” असं नको विचारूस. “तू डेटाबेसचं काम करतोस ना, एकाचं रिपोर्ट काढताना सगळं अडकून बसतंय, जरा बघशील का?” असं विचार. प्रेक्षक म्हणून बोलावलं तर माणूस टाळतो. आपला उपयोग आहे म्हटल्यावर रविवारची झोप मोडून येतो. बसायचं गोल. प्रत्येकाने दोन मिनिटांत दोनच गोष्टी सांगायच्या: मी काय काम करतो, आणि सध्या मला काय जमत नाहीये. हुद्दा सांगायचा नाही, कंपनीचं नाव सांगायलाच पाहिजे असंही नाही. सुरुवात तू कर, आणि खरोखर न जमणारी गोष्ट सांग. तू “सगळं मस्त चाललंय” म्हणालास तर बाराही जण तेच म्हणतील आणि चहा पिऊन निघून जातील. त्या बारा अडचणींतली एक निवडा. लॅपटॉप उघडा, भिंतीवर दाखवा आणि तासभर सगळ्यांनी मिळून तिच्याशी झुंजा. सुटली तर उत्तम. नाही सुटली तर पुढच्या महिन्यात काय झालं ते ऐकायला लोक येतील.

दिवस मात्र ठरलेला हवा. महिन्याचा दुसरा शनिवार म्हटलं की दुसराच शनिवार, पाऊस असो की लग्नसराई. आपल्याकडे बायकांच्या भिशी वीस-वीस वर्षं चालतात त्या कशावर? तारीख हलत नाही, आणि प्रत्येकीचं काहीतरी त्यात गुंतलेलं असतं. आपल्या सीमाभागातली साहित्य संमेलनं बघ. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, तिकडे निपाणीजवळ कारदगा. खेडीच ही, पण तिथली माणसं मराठी साहित्य संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडी काढतात. ग्रंथदिंडीत पालखीला कोण, मांडवाला कोण, पाहुण्यांच्या पानाला कोण, हे ठरलेलं असतं. ज्याच्याकडे काम आहे तो येणारच, आणि येताना घरच्यांना घेऊन येतो. तुझ्या हॉलचं भाडं तू भरलंस, पाहुणा तू आणलास, खुर्च्याही तूच मांडल्या असशील. मग बाकीच्यांनी तिथे करायचं काय होतं? पुढच्या वेळी चहा एकाकडे, जागा दुसऱ्याकडे, झालेल्या चर्चेची टिपणं तिसऱ्याकडे दे. वाईट झालं तरी चालेल, पण तू करू नकोस.

आता उद्यमबाग. तुझ्या पत्रात तिचं नावही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. तू वडगावात राहतोस, गाडीवर दहा-पंधरा मिनिटांत पोचशील. तिथे आणि मच्छेकडे फौंड्र्या आहेत, हायड्रॉलिक्सची वर्कशॉप्स आहेत, कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर मायक्रॉनमध्ये काम करणारी पोरं आहेत. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. आपल्या गावाला यंत्राचं वेड आजचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. सायकली दुरुस्त करता करता ते कडबा कापायच्या यंत्रांपर्यंत आणि नांगरापर्यंत पोचले. १९१० मध्ये त्यांना इथून कुंडलच्या माळावर जावं लागलं आणि किर्लोस्करवाडी तिकडे उभी राहिली. ती इथे उभी राहिली असती, ही हळहळ माझ्या वडिलांच्या पिढीत प्रत्येकाच्या तोंडी होती.

तंत्रज्ञान म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, ही समजूत सोड. पीएलसीवाला, सीएनसीचा प्रोग्राम लिहिणारा, कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, डायची ड्रॉइंग काढणारा, इस्पितळातली मशीनं दुरुस्त करणारा, कॉलेजात नेटवर्क सांभाळणारा, हे सगळे तुझे भाईबंद आहेत. इंजिनिअरिंगच्या पोरांनाही बोलाव. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या गावात आहे, गोगटे आणि शेषगिरी ही दोन्ही कॉलेजं उद्यमबागेतच आहेत. पण विद्यार्थी बैठकीत एक तृतीयांशाहून जास्त नकोत. एकदा का ते नोकरी मागणारे आणि तुम्ही देणारे झालात, की अनुभवी माणसं यायची बंद होतात. पोरांना नोकरीपेक्षा आधी काम करणाऱ्या माणसाशेजारी बसून काम बघायला मिळालं पाहिजे.

भाषेचं आता. तुझ्या ग्रुपवर १ नोव्हेंबरला जे झालं त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. माझं घर मराठी, आणि १९५६ पासून आपण काय सोसलं ते मला कुणी सांगायची गरज नाही. मराठीपण दारात काढून ठेवून ये, असं मी कुणालाच सांगणार नाही. पण ग्रुप ज्या कामासाठी काढलास त्या कामाच्या वेळी तेच काम. नियम एका ओळीचा ठेव आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वाच: इथे राजकारण, धर्म, सीमाप्रश्न यांवर पोस्ट नाही. एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा काढायचं. तुझा सख्खा मित्र असला तरी. तो पहिल्यांदा मोडणारा तुझाच मित्र असेल, आणि त्या दिवशी तू काय करतोस यावर कन्नड बोलणारी माणसं राहायचं की जायचं ते ठरवतील.

बोलायचं कुठल्या भाषेत, तर ज्याची अडचण आहे त्याच्या भाषेत. बैठकीचा निरोप मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत दे, चार ओळींचा तर असतो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेला पोरगा कोड सुंदर लिहितो, पण इंग्रजीत प्रश्न विचारायची वेळ आली की गप्प बसतो. बैलहोंगलच्या कन्नड शाळेतून आलेल्या पोरीचंही तेच. एकदा या दोघांनी आपापल्या भाषेत प्रश्न विचारला आणि कुणी हसलं नाही, की पुढच्या वेळी ते भावंडांना घेऊन येतील. माझ्या त्या चहाच्या गाड्यावर एकाच वाक्यात अर्धं मराठी, अर्धं कन्नड असायचं आणि वायर कुठून न्यायची ते सगळ्यांना बरोबर कळायचं.

बायकांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मीच विचारते. ३४ जणांत किती होत्या? बैठक रात्री आठला ठेवलीस तर येणार नाहीत. दुपारी चारला ठेव, बस जाते-येते अशा जागी ठेव. पहिल्या वेळी एकटीला बोलावू नकोस, तिघींना एकदम बोलाव, म्हणजे कुणीही खोलीत एकटी पडणार नाही. आणखी एक. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि मग नको ते मेसेज सुरू होतात. व्हॉट्सअॅपच्या ‘कम्युनिटी’तल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर इतर सदस्यांना दिसत नाहीत. तो वापर. तिथे फक्त बैठकीचा निरोप आणि टिपणं जाऊ देत, म्हणजे गुड मॉर्निंगचाही प्रश्न मिटेल.

नोकरीच्या जाहिराती बंद करू नकोस, पण चाळण लाव. कंपनीचं नाव, कामाची जागा, पगार साधारण किती, आणि ग्रुपमधलं कोण त्या कंपनीला ओळखतं, हे चारही असेल तरच पोस्ट. ट्रेनिंग फी, डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे असा एक शब्द जरी आला तरी काढून टाक. आपल्या भागातल्या पोरांचे आई-बाप सोनं गहाण ठेवून असे पैसे भरतात, मी डोळ्यांनी बघितलंय. तुझ्या ग्रुपवरून एकाची जरी फसवणूक झाली तर गावात नाव तुझं जाईल, ज्यानं फॉरवर्ड केलं त्याचं नाही.

कंपनीची गुपितं हा मुद्दा घरून काम करणाऱ्यांच्या मनात असतोच, फक्त बोलत कुणी नाही. सरळ सांग: गिऱ्हाइकाचं नाव नाही, कंपनीचा कोड पडद्यावर नाही, अडचण साध्या उदाहरणात मांडायची. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २७ असं आहे, की नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला बंदी घालणारी अट सहसा टिकत नाही. पण गुप्ततेची अट टिकते, आणि नोकरीत असताना बाहेरची कामं घ्यायला कंपनीची हरकत असू शकते. ज्याला शंका असेल त्याने आपलं नेमणूकपत्र घरी शांतपणे वाचून यावं.

नोंदणी आत्ता नको. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्यात किमान सात माणसं लागतात, नियमावली लागते, दरवर्षी सभा आणि हिशेब द्यावा लागतो. चार माणसांच्या बैठकीवर हे ओझं टाकलंस तर तू वर्षभर कागदच भरत बसशील, आणि पहिलं भांडण अध्यक्ष कोण यावरून होईल. मोठी देणगी घ्यायची वेळ आली, स्वतःची जागा घ्यायची झाली, तेव्हा बघू. स्पॉन्सरचंही तसंच. चहा-भज्यांना माणशी पन्नास रुपये काढा, डब्यात टाका, हिशेब ग्रुपवर टाका. विद्यार्थ्यांकडून घेऊ नका. पैसे देणारी संस्था आली की पहिल्या रांगेत तिचा माणूस बसतो, आणि बैठक त्याच्या क्लासची जाहिरात होते. जागेसाठी एखाद्या वर्कशॉपची वरची खोली माग. मालक देतात, तुला वाटतं त्याहून सहज देतात. आणि वर्कशॉपमध्ये बसलात की सॉफ्टवेअरवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा फौंड्रीच्या वाळूचा वास येईल.

लोक किती आले हे मोजणं सोड. त्याऐवजी वही ठेव: या महिन्यात कुणी कुणाची कुठली अडचण सोडवली. सहा महिन्यांत त्या वहीत दहा ओळी झाल्या तर तुझं बरं चाललंय, समोर बारा जण असोत की पन्नास.

एक काम मीच देते. उद्यमबागेतले माझे एक जुने परिचित आहेत, त्यांच्याकडे वीसेक वर्षांपूर्वीचं एक सीएनसी मशीन आहे. मशीन ठणठणीत आहे, पण प्रोग्राम आत घालायचा तर अजून जुन्या सिरियल पोर्टवरून, आणि ज्या कॉम्प्युटरवरून ते करायचे तो गेल्या पावसाळ्यात मेला. नवीन लॅपटॉपला तो पोर्टच नाही. यूएसबीचं कन्व्हर्टर आणलं, पण मशीन मधेच अर्ध्यावर थांबतं. मला वाटतं, मशीन “जरा थांब” म्हणतं ते लॅपटॉप ऐकत नाही, फ्लो कंट्रोलची सेटिंग जुळत नसावी. पण मशीनसमोर बसून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तुझ्या चौघांतल्या कुणाला यातलं येत असेल तर फारच बरं, नसेल तर बघून शिकता येईल. ते म्हणालेत, दुसऱ्या शनिवारी चार वाजता या, वरची खोली झाडून ठेवतो. तुझं पत्र ज्या पत्त्यावरून आलं त्यावर त्यांचा निरोप पाठवलाय. मी येतेय, येताना सिरियल केबलच्या कुठल्या तारेत काय चाललंय ते दाखवणारा माझा जुना ब्रेकआउट बॉक्स आणते.